सगळ्यांना खिडकीकडे बघायला लावणारे सर

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं मला मनसोक्त हसलात. इथलं नेट संथ चालतंय म्हणून तुमच्या बाबाने आपल्या राउटरच्या आत शिरायचा पासवर्ड विचारला आणि मी तो सांगितला नाही. "आजी, आम्ही इथून काय चोरणार? तुझी लोणच्याची रेसिपी?" धाकटीने विचारलं. चोरीचा प्रश्नच नव्हता, बाळांनो. मी तुमच्या बाबाला त्याचं वेगळं खातं उघडून दिलं, तो त्याच्या पासवर्डने आत शिरला, काम झालं आणि संध्याकाळी मी ते खातं बंद केलं. "आई, हे सगळं तुम्हाला कोणी शिकवलं?" असं तुमच्या आईने विचारलं होतं. बोलता बोलता तो प्रश्न तसाच राहिला, म्हणून हे लिहायला बसले आहे.

ज्यांनी शिकवलं त्यांचं नाव मी लिहिणार नाही. ज्याला जेवढं लागतं तेवढंच त्याला माहीत असावं, असं ते म्हणत. गोष्ट कळायला तुम्हाला त्यांच्या नावाची गरज नाही. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो, जरी त्यांनी कधी वर्गात शिकवलं नाही.

कल्याणच्या ज्या महाविद्यालयात मी ग्रंथपाल होते, तिथे वाचनालय दुसऱ्या मजल्यावर होतं. जुन्या मासिकांच्या कपाटांमागे एक चिंचोळी खोली होती, ती सरांची. महाविद्यालयातल्या सगळ्या संगणकांच्या वायरी तिथे एका उंच लोखंडी रॅकपाशी येऊन मिळत. त्या रॅकवर जी चपटी यंत्रं असतात त्यांना स्विच म्हणतात. कोणता संगणक कोणाशी बोलेल, परीक्षेच्या दिवशी कोणती प्रयोगशाळा बाहेरच्या जगापासून तोडायची, हे सगळं तिथे ठरतं. म्हणजे त्या यंत्रांमध्ये जो शिरला, तो सगळ्या महाविद्यालयात शिरला.

दुपारी तीनच्या सुमारास वाचनालयात फारसं कोणी नसायचं. पंखे हळू फिरत. सरांच्या खोलीचं दार किलकिलं असलं की आतला हिरवट उजेड मासिकांच्या पाठींवर पडायचा आणि लुकलुकत राहायचा, जणू कपाटांमागे पाणी आहे. मी हातात मासिक धरून कितीदा तरी तशीच उभी राहिले आहे. सुनंदा नोकरीवर आली, तेव्हा तीही पहिल्या दिवशी दारातच थांबली. ती खडवलीची, तिशीतली, प्रयोगशाळा सहायक म्हणून अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेली. "अय्या," ती म्हणाली, "आमच्याकडे पावसाच्या आधी नदीकाठी असेच काजवे येतात."

सर वर न बघता म्हणाले, "काजवेच आहेत. एक लुकलुकला की समजायचं, खाली कोणीतरी काहीतरी वाचतंय. चपला बाहेर काढून ये."

त्या खोलीत चपला चालत नसत. धुळीचं कारण होतं, पण आम्हाला ते देवघरच वाटायचं. सर स्वतः नास्तिक होते. त्यांचं सोवळं फक्त पासवर्डचं.

ते येण्यापूर्वी आमच्याकडे सगळ्या यंत्रांचा एकच पासवर्ड होता: महाविद्यालयाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. तो एका चिठ्ठीवर लिहून पहिल्या स्विचच्या पोटाला चिकटपट्टीने लावलेला होता. प्राचार्यांपासून चहावाल्या मामांपर्यंत सगळ्यांना तो पाठ. सरांनी पहिल्या दिवशी ती चिठ्ठी काढली, वाचली, आणि मामांना विचारलं, "मामा, तुम्हाला हा कशाला लागतो?"

"लागत नाही हो," मामा म्हणाले. "पण कोणाला लागला तर सांगायला बरा."

सर आठवडाभर ही गोष्ट सगळ्यांना सांगत होते. हसत मुळीच नव्हते.

नवीन यंत्र आलं की ते खोक्यातच राहायचं. कारखान्यातून येताना प्रत्येक यंत्राला एक ठरलेलं नाव आणि ठरलेला पासवर्ड असतो आणि तो जगातल्या कोणालाही शोधता येतो. तो बदलेपर्यंत सर त्या यंत्राला "पारोसं" म्हणत. "पारोसं यंत्र नेटवर्कमध्ये घ्यायचं नाही." एकदा परीक्षा विभागाच्या प्रमुखांनी घाईघाईत स्वतःच एक नवीन वायफायचा डबा भिंतीला ठोकला. सर स्टूल घेऊन गेले, तो काढला, खोलीत आणला, अर्ध्या तासाने परत नेऊन लावला. "आंघोळ घातली," एवढंच म्हणाले. ते प्रमुख त्यानंतर सरांशी कामापुरतंच बोलत.

आणि ती खिडकी. सरांच्या खोलीत एकच खिडकी होती, तिच्यातून घरांच्या गच्च्यांपलीकडे खाडीचा एक तुकडा दिसायचा. कोणीही पासवर्ड टाकायला बसलं की बाकीच्या सगळ्यांनी त्या खिडकीकडे तोंड करून उभं राहायचं, असा नियम होता. "खिडकीकडे बघा," सर म्हणत आणि स्वतः सगळ्यात आधी वळत. प्राचार्य असोत, विद्यापीठाची समिती असो, सूट नव्हती. पाठीमागे कळांचा आवाज होत राही आणि आम्ही खाडी बघत राहू. सर हळू आवाजात सांगत, "ओहोटी लागली." किंवा, "आज बगळे जास्त आहेत." नोकरीच्या इतक्या वर्षांत मी त्या खाडीकडे कधी धड पाहिलं नव्हतं. भरतीच्या वेळा मला पासवर्डमुळे कळू लागल्या. लोकांचे पासवर्ड लांबलचक असत, कारण सरांनी तशी सवय लावली होती: एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द. शब्द आठवून आठवून टाकायला वेळ लागे, तेवढा वेळ आम्ही पाणी बघायचो. माझे चार शब्द कोणते होते, ते विचारू नका.

कोणी चुकून आपला पासवर्ड त्यांना सांगितला तर ते कानावर हात ठेवत. एकदा प्राचार्यांनी भर व्हरांड्यात फोनवर त्यांना आपला पासवर्ड ओरडून सांगितला. सर माझ्या टेबलाशी उभे होते. त्यांनी फोन कानापासून हातभर लांब धरला. "बाई, हा माणूस आता उघडा झाला," ते हताशपणे म्हणाले आणि नवीन पासवर्ड टाकून घ्यायला तसेच खाली गेले.

हे सगळं त्यांच्यात आलं कुठून, ते मी एकदा विचारलं होतं. त्यांचे वडील मोहन्याला, तिथल्या जुन्या कारखान्याच्या गेटवर होते. सर शाळेतून येताना त्यांना डबा द्यायला जात. "आत काय चाललंय ते मी कधी बघितलं नाही," ते म्हणाले. "मी फक्त बाबांना बघितलं. साहेबाची गाडी असो नाहीतर सायकल, पास बघायचे. रोज बघायचे. एकदा साहेब चिडला, मला ओळखत नाहीस का? बाबा म्हणाले, ओळखतो साहेब, म्हणून तर नमस्कार केला. आता पास दाखवा." हे सांगताना ते हसले. त्यांना हसताना मी मोजून चार-पाच वेळा पाहिलं असेल.

नवीन माणसाला खातं उघडून देणं हा त्यांच्या लेखी समारंभ होता. त्याला ते बारसं म्हणत आणि खिशातून बत्तासे काढत. सामाईक खातं कोणालाच नाही, ज्याच्या त्याच्या नावाचं वेगळं. "दहा जणांनी एकच नाव वापरलं की दहाही जण नाहीसे होतात," ते म्हणत. खात्याच्या तीन पातळ्या होत्या. पहिली फक्त बघण्याची. दुसरीवर रोजची ठरावीक कामं करता येत. तिसरीवर सगळं करता येई, इतरांना आत घेणं आणि बाहेर काढणंसुद्धा. तिसरी पातळी एकट्या सरांकडे होती, पण तेही रोज ती वापरत नसत. त्यांची स्वतःची दोन खाती होती. "पैठणी नेसून कोणी भांडी घासतं का, बाई?"

जो जाईल त्याचं खातं त्याच दिवशी बंद. आमचे जुने हेडक्लार्क निवृत्त झाले तेव्हा सभागृहात त्यांचा सत्कार चालू होता, आणि सर मागच्या रांगेत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. हेडक्लार्कांच्या गळ्यात हार पडला आणि सरांनी लॅपटॉप मिटला. हेडक्लार्कांना कोणीतरी ते सांगितलं. ते भयंकर दुखावले. "छत्तीस वर्षं दिली आणि हा माणूस समोसा खाईपर्यंतसुद्धा थांबला नाही!" सरांना मात्र यात अपमान कुठे झाला, ते खरंच कळलं नाही. ते मला म्हणाले, "उद्या काही गडबड झाली तर त्यांच्यावर संशय येणार नाही. मी त्यांना मोकळं केलं."

आता मुख्य गोष्ट सांगते.

ज्या वर्षी परीक्षा प्रयोगशाळेतल्या संगणकांवर व्हायला लागल्या, त्या वर्षीची. उन्हाळा लागला होता. सर त्या दिवसांत दिव्यांबद्दल फार सुंदर बोलायला लागले होते. "बाई, हल्ली प्रत्येक दिव्याभोवती फूल उमलल्यासारखं दिसतं," असं ते म्हणत आणि रॅकसमोर बसून राहत. मला वाटलं, वयाबरोबर माणूस हळवा होतो. नंतर कळलं की तो मोतीबिंदू होता आणि त्यांनी तो घरीदारी सगळ्यांपासून लपवला होता.

एका मंगळवारी परीक्षा होती. सकाळी सुनंदा नेहमीप्रमाणे प्रयोगशाळा बाकीच्या नेटवर्कपासून वेगळी करायला बसली, तर मुख्य स्विच तिला आतच घेईना. पासवर्ड बरोबर, खातं बरोबर, तरी नाही. मुलं बाहेर ताटकळली होती. सर डोंबिवलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते, आम्हाला मात्र त्यांनी "थोडं काम आहे" एवढंच सांगितलं होतं. सुनंदाने त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "घाबरू नकोस. माझ्या खणात एक आखूड निळी वायर आहे. तिचं एक टोक स्विचला, एक तुझ्या लॅपटॉपला. समोर उभं राहून शिरणाऱ्याला तो अडवत नाही." ती तशी शिरली आणि तिच्या पातळीत बसणारं काम तिने केलं. परीक्षा तासाभराने उशिरा सुरू झाली. स्विच बाहेरून कोणाला आत का घेत नाही, हे बघण्याचा अधिकार मात्र तिच्याकडे नव्हता.

दुपारी प्राचार्यांच्या खोलीत आम्हाला बोलावलं. परीक्षा विभागाचे प्रमुख आधीच तिथे होते.

"सोपं आहे, सर," ते प्राचार्यांना म्हणत होते. "काल संध्याकाळी शेवटी खोलीत कोण होतं? ही. सकाळी सगळ्यांना दार बंद असताना आत कोण शिरलं? हीच. या महिन्यात करार संपतोय ना हिचा? आपल्याशिवाय काही चालत नाही हे दाखवायचं होतं, दुसरं काय!"

"मी असं कशाला करेन, सर?" सुनंदा म्हणाली. तिने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. "मला तर ते करताच येत नाही. माझी पातळीच नाही ती."

"पातळी-बितळी मला सांगू नका."

प्राचार्य वाईट नव्हते, पण त्यांना विषय मिटवायचा होता. करार पुढे न वाढवणं ही त्यातली सगळ्यात सोपी वाट होती, आणि ते खोलीतल्या सगळ्यांना दिसत होतं. सुनंदाच्या घरी पगाराचं माणूस ती एकटीच.

तेवढ्यात सर आले. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. डॉक्टरांनी तपासणीसाठी थेंब घातले होते, त्यामुळे बाहुल्या विस्फारलेल्या, समोरचं काही वाचता येत नव्हतं. दरवाजाची चौकट चाचपत ते आत आले आणि सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "भांडता कशाला? स्विचवर कोणी काय केलं, याची नोंद दुसऱ्या संगणकावर आपोआप होते. ती पुसता येत नाही. मलाही नाही. उघडून वाचू या."

त्यांनी लॅपटॉप मांडीवर घेतला. "खिडकीकडे बघा," ते म्हणाले. आणि आम्ही सगळे वळलो, ते प्रमुखसुद्धा. त्या खोलीच्या खिडकीतून फक्त सायकल स्टँड दिसत होता. सरांची बोटं न बघता कळांवरून फिरत राहिली. मग त्यांनी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "बाई, माझ्या डोळ्यांत औषध आहे. कालच्या दुपारपासूनचं तुम्ही वाचा. मोठ्याने."

मी वाचू लागले. वेळ, नाव, काय केलं. तीन वाजता सुनंदा, नेहमीचं काम. साडेतीनला सुनंदा, बाहेर. मग चार वाजून दहा मिनिटं, आणि पुढचं नाव बघून मी थांबले.

मुलांनो, तेव्हा त्या खोलीत ते नाव फक्त मला दिसत होतं. सरांना दिसत नव्हतं. बाकीचे माझ्या तोंडाकडे बघत होते. एक ओळ गाळून पुढे जाणं अगदी सोपं होतं, आणि तो विचार माझ्या मनात आला हे मी तुमच्यापासून लपवत नाही. समोर सुनंदा उभी होती.

"थांबलात का, बाई?" सरांनी विचारलं.

"सर, इथे..."

"वाचा."

मी त्यांचं नाव वाचलं. त्यांचंच, तिसऱ्या पातळीचं खातं. कोणत्या संगणकांना मुख्य स्विचमध्ये शिरू द्यायचं, त्याची यादी बदलून कायम केलेली.



"यादीतला आपल्या संगणकांचा आकडा वाचा," सर म्हणाले. मी वाचला. "शेवटचा परत."

"आठ."

"तीन हवा होता," ते म्हणाले. "मला तो तीनच दिसला." त्यांनी चष्मा काढला. बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या होत्या की डोळे काळेभोर, लहान मुलासारखे दिसत होते. "मोतीबिंदू आहे, प्राचार्य. चार महिने झाले. मी सांगितलं नाही. मीच सगळ्यांना बाहेर ठेवून कुलूप लावलं आणि घरी गेलो."

प्राचार्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "अहो, होतं असं! आपण अहवालात तांत्रिक बिघाड लिहू. विषय संपला."

"तांत्रिक बिघाडाला आडनाव नसतं," सर म्हणाले. "मग प्रत्येक जण आपल्या मनाने ते लावतो. माझं लिहा. आणि या मुलीसमोर लिहा."

प्रमुख काहीतरी पुटपुटले. सर त्यांच्याकडे वळले, म्हणजे ते जिथे असावेत असं वाटलं तिकडे. "तुम्ही हिला आता काय म्हणालात ते मी दारातून ऐकलंय. तेही परत घ्या."

त्यांनी परत घेतलं. फार स्पष्ट नाही, पण घेतलं.

प्राचार्यांनी अहवाल लिहिला, सुनंदाच्या कराराच्या कागदावर त्याच दिवशी सही केली. मला वाटलं, आता सगळे घरी जाणार. पण सर म्हणाले, "एक काम राहिलं. ज्याला तीन आणि आठ कळत नाहीत, त्याच्या हातात तिसरी पातळी ठेवायची नाही." आणि ते सुनंदाला घेऊन वर निघाले. प्राचार्य आणि मी मागोमाग गेलो.

वरच्या खोलीत त्याच निळ्या वायरीने आत शिरून त्यांनी आठाचा तीन केला आणि मग शेवटचं एक काम केलं: सुनंदाचं खातं तिसऱ्या पातळीवर नेलं. ते सांगतील तिथे तिने बोट ठेवायचं, ती वाचून दाखवेल ते त्यांनी पक्कं करायचं, असं ते दोघं मिळून करत होते. मग ते खुर्चीवरून उठले आणि तिला बसवलं.

"आता माझं खातं खाली आण."

"किती खाली, सर?"

"ते आता मी सांगायचं नाही. तू ठरवायचं."

"अगं, राहू दे ना त्यांचं आहे तसं," प्राचार्य दारातून म्हणाले. "त्यांनीच तर सगळं उभं केलंय. निदान मधली पातळी तरी ठेव."

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. तासाभरापूर्वी त्या माणसाने तिची नोकरी वाचवली होती. तिच्या चेहऱ्यावर हिरवा उजेड लुकलुकत होता आणि ती त्या तीन ओळींकडे कितीतरी वेळ बघत होती. मग तिने सगळ्यात खालची ओळ निवडली. फक्त बघण्याची.

"अगं!" प्राचार्य म्हणाले.

"ऑपरेशन होईपर्यंत, सर," ती म्हणाली. प्राचार्यांना नाही, सरांना.

सरांनी मान हलवली, काळा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि भिंतीला हात लावत बाहेर पडले. मी त्यांच्या मागे जिन्यापर्यंत गेले. मला वाटलं त्यांना फार लागलं असेल, काहीतरी समजुतीचं बोलावं. पण जिन्याच्या तोंडाशी ते थांबले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"बाई," ते म्हणाले, "तिला सगळं येतं हे मला दोन वर्षांपासून माहीत होतं. फक्त एक भीती होती. मला नाही म्हणायची वेळ आली तर म्हणेल का?"

"म्हणाली," मी म्हणाले.

"म्हणाली ना!" पहिली पायरी कुठे आहे ते त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी हात पुढे केला. "जरा धरा, बाई. मला खाली न्या."